आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस: छपराकडे बघत वाचायचं घर

प्रश्न असा आला आहे: "मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत इंग्लंडला मावशीकडे जाते आहे. ससेक्समधलं आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस पाहायचं आहे, पण ते इतकं लहान आहे की वीस मिनिटांत पाहून होतं, असं सगळे सांगतात. तिथे नेमकं काय बघायचं? आणि ते पाद्र्याचं घर आहे हे त्याच्या स्थापत्यात कुठे दिसतं?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे: कुठेच दिसत नाही. ना टोकदार कमानींचा चर्चसारखा थाट, ना प्रार्थनेची वेगळी खोली. चौदाव्या शतकात त्या भागातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी ज्या पद्धतीचं घर बांधायचा, त्याच पद्धतीचं हे घर आहे. शेजारी सेंट अँड्र्यूजचं दगडी चर्च आहे, गावकरी त्याला 'डाउन्सचं कॅथेड्रल' म्हणतात (डाउन्स म्हणजे तिथल्या खडूच्या टेकड्या). ते त्याच शतकातलं, क्रूसाच्या आकाराचं आणि चकमकीच्या दगडात बांधलेलं. देवाचं घर दगडाचं आणि देवाच्या सेवकाचं घर लाकूड, माती, गवताचं. दोन्ही एकाच हिरवळीच्या कडेला आहेत, तेव्हा दोन्ही एका नजरेत घ्या.

यात नवल नाही. त्या काळचा गावचा पाद्री हा निम्मा शेतकरीच होता. चर्चच्या नावे जमीन असायची आणि ती तो कसायचा किंवा कसून घ्यायचा. गावाकडून त्याला उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळायचा, तोही पैशांत नव्हे तर धान्य, लोकर, कोकरं अशा रूपात. त्यामुळे त्याला लागणारं घर शेतकऱ्याच्याच घरासारखं होतं: मधे बसा-उठायची मोठी जागा, एका टोकाला साठवणीच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला स्वतःची खोली. वेगळी गोष्ट एवढीच की त्याला लग्न करायची मुभा नव्हती. ही मुभा इंग्लंडमध्ये 1549 साली कायद्याने मिळाली, राणी मेरीच्या काळात गेली आणि एलिझाबेथच्या काळात परत आली. त्यानंतर पाद्र्यांचे संसार वाढले, पुढच्या शतकांत ऐपत वाढली, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगाव मोठमोठी विटांची, दगडांची नवी निवासस्थानं उठली. 1776 च्या एका कायद्याने तर घर बांधायला किंवा दुरुस्त करायला पदाच्या उत्पन्नावर कर्ज काढायचीही सोय केली. जुनी लाकडी घरं मग मजुरांना भाड्याने दिली गेली. आल्फ्रिस्टनचंही तेच झालं. म्हणून पाद्र्याचं घर शोधायला तिथे जाऊ नका. हे एका चुलीभोवती बांधलेलं घर आहे, आणि चुलीचा शोध घ्यायला मान वर करावी लागते.

पहिली वीस मिनिटं फक्त छपराला द्या. मधल्या खोलीला हॉल म्हणतात. तिला वर ना माळा, ना छत. जमिनीपासून थेट वाशांपर्यंत मोकळी. मूळ घरात धुराडं नव्हतं. हॉलच्या मधोमध जमिनीवरच जाळ असायचा आणि धूर वर चढून छपराच्या टोकाशी ठेवलेल्या फटींतून, गवतातून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडायचा. कोकणातल्या जुन्या घरात ज्यांनी चुलीवरचा माळा पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धूर माणसांच्या डोक्यावरून वाहत असतो, खाली बसणाऱ्याला तो फारसा लागत नाही, आणि वर टांगलेलं टिकतं. आपल्याकडे सुके मासे, आमसुलं आणि बियाणं असायचं, तिकडे डुकराचं मांस असायचं.

अशा घराच्या वाशांवर काजळी चढते. शतकभर चढली की ती लाकडाच्या अंगात मुरते, कुठे कुठे चकाकी धरते. इंग्लंडमध्ये जुनी घरं तपासणारी माणसं सगळ्यात आधी पोटमाळ्यावर चढतात आणि बॅटरी मारून वासे काळे आहेत का ते बघतात. काळे असतील, तर खाली आज कितीही छतं आणि खोल्या असू द्यात, ते घर एके काळी छपरापर्यंत मोकळं होतं. काळेपणा कुठे थांबतो, हेही बघायचं. दोन खणांमधली भिंत छपरापर्यंत नेलेली असेल, तर तिच्या हॉलकडच्या अंगाला काजळी आणि दुसऱ्या अंगाला स्वच्छ लाकूड सापडतं. ती भिंत मूळची आहे, हे त्यावरून कळतं. भिंतीच्या दोन्ही अंगांना काजळी असेल, तर धूर पलीकडेही जात होता. डेव्हनमध्ये काही घरांच्या छपरांत अगदी तळाचा गवताचा थरसुद्धा मध्ययुगातला, धुराने काळा झालेला, अजून जागेवर आहे. वरून दर काही वर्षांनी नवे थर पडत गेले, पण तळाचा तसाच राहिला. त्यातल्या काड्या आणि कणसं काढून त्या काळी कुठला गहू पेरत होते, हे अभ्यासक शोधतात. माझ्या मते चुलीच्या धुराएवढी प्रामाणिक नोंद दुसऱ्या कुणीच ठेवलेली नाही.

आता त्याच छपराचा सांगाडा. तुम्हाला कॉलेजात 'किंग पोस्ट', म्हणजे तुळईपासून थेट शिखरापर्यंत जाणारा खांब, शिकवला असेल, तो इथे शोधू नका. इथे 'क्राउन पोस्ट' आहे आणि तो वेगळा प्राणी आहे. हॉलच्या रुंदीवर एक मोठी तुळई आडवी टाकलेली असते. तिच्या मध्यावर एक आखूड खांब उभा असतो. हा खांब शिखरापर्यंत जात नाही, मधेच थांबतो, आणि त्याच्या डोक्यावरून घराच्या लांबीत एक लांब लाकूड जातं. वाशांच्या प्रत्येक जोडीला वरच्या भागात एक आडवी पट्टी असते. त्या सगळ्या पट्ट्या या लांब लाकडावर टेकतात. क्राउन पोस्टमधून फांद्यांसारखे वाकडे टेके निघून त्या लाकडाला आणि पट्ट्यांना धरतात.

आणि शिखराला? शिखराला काहीच नाही. या छपराला आढंच नाही! मी पहिल्यांदा असं छप्पर पाहिलं तेव्हा बराच वेळ आढं शोधत उभी होते. आपली घराची कल्पनाच आढ्यापासून सुरू होते. आढ्याचं पाणी वळचणीला जातं, हे म्हणीतही आहे. इथे वाशांची जोडी टोकाशी एकमेकांत अडकवलेली असते, बस. सगळे वासे सारख्याच जाडीचे. अशा छपराला वजनाची भीती कमी आणि कलंडायची जास्त: वासे एकामागे एक एकाच दिशेला झुकू लागले, तर पत्त्यांच्या ओळीसारखे पडतील. ते झुकू नयेत म्हणून ते लांब लाकूड आणि त्याचे टेके. क्राउन पोस्टचं खरं काम हे आहे. थोडं वजन तो तुळईच्या मध्यावर आणतोच, म्हणून तुळई मुद्दाम मधे उंच असलेली, किंचित कमानदार निवडतात. स्केचबुकात हे छप्पर काढताना आधी वासे काढू नका. आधी तुळई, मग पोस्ट, मग ते लांब लाकूड आणि शेवटी वासे काढा. घर ज्या तर्काने उभं आहे तो तर्क हाताला कळेल.

आल्फ्रिस्टनचा हॉल दोन खणांचा आहे. आपले जुने सुतार 'पाच खणी', 'सात खणी' म्हणायचे, अगदी तसंच तिकडेही घर खणांत मोजतात. दोन खणांच्या मधे एरवी खांब आला असता, पण जमिनीवर जाळ आहे, बसायचं आहे, जेवायचं आहे, तेव्हा खांब नको. म्हणून मधली तुळई दोन्ही बाजूंच्या भिंतीतून येणाऱ्या वाकड्या टेक्यांवर पेललेली असते आणि खालची जमीन मोकळी राहते. सुताराने सगळ्यात जास्त कलाकुसर याच जोडाच्या आसपास ठेवलेली असते, कारण घरधनी आणि पाहुणा दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच असतो. हॉलमध्ये ओकच्या पानाचं एक कोरीवकाम आहे. हे घर आज सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं ओकच्या पानांचं बोधचिन्ह त्यावरून सुचलं असावं, असं सांगितलं जातं. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण पान नक्की शोधा.

आता बाहेर या. अशा घराला 'वील्डन' घर म्हणतात. वील्ड म्हणजे केंट आणि ससेक्समधला, दोन डोंगररांगांमधला जंगलाचा पट्टा. वील्डन घराची दर्शनी बाजू बघून अनेकांना वाटतं की हा नुसता सजावटीचा खेळ आहे. तसं नाही. दोन टोकांच्या खणांना वरचा मजला असतो आणि तो मजला खालच्या भिंतीपेक्षा हात-दीड हात पुढे काढलेला असतो. मधल्या हॉलला मजलाच नाही, मग पुढे काढणार काय? म्हणून हॉलची भिंत मागेच राहते. छप्पर मात्र तिन्ही भागांवर एकच, सरळ रेषेत. त्यामुळे हॉलसमोरची वळचण खूप बाहेर येते आणि तिला धरायला टोकांच्या खणांतून वाकडे टेके काढून ती हवेत पेललेली असते. थोडक्यात, घराचा उभा छेद दर्शनी भिंतीवरच काढून ठेवला आहे. कुठे मजला आहे, कुठे मोकळं आहे, कुठे आग आहे, हे रस्त्यावरून कळतं. ज्या दिवशी मला हे उमगलं, त्या दिवसापासून वील्डन घर मला आधुनिक वास्तुविशारदांनी ओरडून सांगितलेल्या 'आतलं बाहेर दिसू दे' या तत्त्वापेक्षाही सरळ वाटू लागलं. शतकानुशतकांत या प्रकारच्या जवळजवळ सगळ्याच घरांचं एखादं टोक बदललेलं आहे. आल्फ्रिस्टनला कुठलं टोक मूळचं वाटतं आणि कुठलं मागाहून फिरवलेलं, याचा निर्णय आत जाण्याआधी स्वतः करा, मग माहितीफलक वाचा.

आतली मांडणी पाठ करून जायला हरकत नाही, कारण ती सगळीकडे जवळपास सारखीच असते. हॉलच्या एका बाजूला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधून आरपार वाट. ही 'खालची' बाजू. तिच्या पलीकडे साठवणीच्या दोन खोल्या, एक पेयांची आणि एक भाकरीची. दुसरी 'वरची' बाजू, जिथे घरधन्याचं मेज भिंतीला टेकून असायचं आणि त्या भिंतीमागे त्याची खाजगी खोली. आपल्या वाड्यात सोपा ते माजघर असा मान वाढत जातो, तसाच हा एका रेषेत वाढत जाणारा मान आहे. आणि लाकडांनाही तो ठाऊक आहे. प्रत्येक चौकटीला एक देखणी बाजू असते, जिथे सगळ्या लाकडांची तोंडं एका पातळीत आणलेली असतात, आणि लाकडी खुंट्या त्याच बाजूने ठोकलेल्या असतात. आतल्या भिंतीची देखणी बाजू बहुतेक वेळा जास्त मानाच्या खोलीकडे तोंड करून असते. खुंट्यांची डोकी कुठे आहेत ते बघा, म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी कोण कुठे बसत होतं ते कळेल.

खुंट्यांचा विषय निघाला आहे तर सुतारकामावर थोडं थांबते, कारण याच ठिकाणी मी सगळ्यात जास्त शिकले. हे लाकूड ओक आहे, आणि ते ओलं वापरलेलं आहे. आपल्याकडे ओलं सागवान घरात घालायचं म्हटलं तर सुतार भांडायला उठेल. तिकडे ओला ओक तासायला सोपा, आणि सुकल्यावर मात्र लोखंडासारखा. तेव्हा कापायचं ओलं आणि जागेवर बसवून सुकू द्यायचं. सुकताना लाकूड लांबीत फारसं आखडत नाही, आडवं मात्र आखडतं, पिळतं. जुन्या घराच्या भिंती लाटेसारख्या दिसतात, त्यातला बराचसा वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतलाच असतो. पाहुणे म्हणतात, "बिचारं म्हातारं घर वाकलं." ते वाकलं तेव्हा तरणं होतं.

सांधा साधाच. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात खाच पाडायची, आत सरकवायचं आणि आडवं भोक पाडून ओकचीच चिरलेली खुंटी मारायची. गंमत अशी की कुसवातलं भोक आणि खाचेच्या गालांतली भोकं एका रेषेत नसतात. कुसवातलं भोक मुद्दाम किंचित आत सरकवलेलं असतं. निमुळती खुंटी ठोकली की ती सांध्याला आत खेचते, आणि लाकूड सुकून आखडलं तरी पकड सुटत नाही. खिळा नाही, पट्टी नाही. मुख्य खांबांकडे बघा: त्यांचं वरचं टोक जाड, बाहेर फुगलेलं दिसेल. झाडाचा बुंध्याकडचा जाड भाग वर येईल असं लाकूड उलटं उभं केलेलं असतं, कारण वर एकाच जागी तुळई, भिंतीवरची पट्टी आणि खांब अशी तीन लाकडं भेटतात आणि तिथे मांस जास्त लागतं.

चौकट आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवून बघत, मग सुटी करत, गाडीतून नेत आणि जागेवर उभी करत. कुठलं लाकूड कुठे हे कळावं म्हणून पटाशीने खुणा करत, आणि पटाशी सरळच चालते म्हणून त्या रोमन आकड्यांसारख्या दिसतात. चारासाठी बहुधा चार उभ्या रेघाच. अशी एखादी खूण सापडली की त्या सुताराशी हस्तांदोलन केल्यासारखं वाटतं. तुळईच्या खालच्या अंगाला रिकाम्या भोकांची ओळ दिसली तर तिथे एके काळी भिंत होती. चौकोनी भोकं कोनावर फिरवलेली, शंकरपाळ्यासारखी असली तर तिथे काच नसलेली खिडकी होती, उभ्या लाकडी गजांची, आतून झडपा लावायची.

भिंती म्हणजे आपला कूडच. ओकचे चपटे दांडके उभे, त्यांतून हेझलच्या लवचीक फांद्या विणलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, चिरलेलं गवत आणि शेण यांचा लगदा. हो, शेण. त्यावर चुना. हे वाचून आपल्याकडच्या मुलांना नेहमी आश्चर्य वाटतं, कारण आपण शेण म्हटलं की फक्त आपलंच अंगण आठवतो. जिथे गाय, माती आणि वेली होत्या, तिथे तिथे माणसाने हीच भिंत शोधली.

जमिनीसाठी मात्र आल्फ्रिस्टनचं उत्तर खास तिथलं आहे. ककमिअर नदी खडूच्या डोंगररांगेतून वाट काढत जाते, त्या खोऱ्यात हे गाव. पायाखाली खडूच खडू. हॉलची जमीन खडू कुटून, धुमसून केलेली आहे आणि वरून आंबट दुधाने बंद केलेली. दुधातलं केसीन हा फार जुना गोंद आहे. खडूच्या भुकटीत तो मुरला की पृष्ठभाग घट्ट होतो आणि धूळ उडायची थांबते. आपल्याकडे सारवण दर आठ-पंधरा दिवसांनी, सणावाराला हमखास करावं लागतं. या जमिनीचं तसं नाही, पण तत्त्व तेच: जे अंगणात आहे तेच घरात, आणि हाताने दुरुस्त होईल असं. तिच्यावर चालताना टाचांचे बूट नकोत, एवढं माझं ऐका.

या एका घराचा नकाशा मी विद्यार्थ्यांना साहित्यावरून काढायला सांगते. जमीन पायाखालच्या खडूची, जोतं आसपासच्या चकमकीचं, ओक उत्तरेच्या वील्डमधला, हेझल जवळच्या राईतली, छप्पर शेतातल्या काडाचं. बैलगाडीच्या एक-दोन दिवसांच्या वाटेपलीकडून काहीच आलेलं नाही. एक गोष्ट मात्र नका करू: पांढऱ्या भिंतीवर काळं कुळकुळीत लाकूड म्हणजे जुनं इंग्लंड, असं मनाशी धरू नका. ससेक्समध्ये ओक बहुधा तसाच सोडत, तो राखाडी रुपेरी होतो. डांबरासारखा काळा रंग फासायची हौस मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली.

आता या घराच्या दुसऱ्या जन्माकडे येते. माझ्या लेखी स्थापत्य म्हणून तोही तितकाच महत्त्वाचा आहे.

1880 च्या दशकात हे घर पडायला आलं होतं, आणि पाडायला परवानगीही मिळाली होती. तेव्हाचे गावचे पाद्री रेव्हरंड बेनन यांना ते पाडवेना. त्यांनी विल्यम मॉरिस, फिलिप वेब आणि त्यांच्या मित्रांनी 1877 मध्ये स्थापन केलेल्या जुन्या इमारतींच्या संरक्षण मंडळाकडे धाव घेतली. हे मंडळ का निघालं ते लक्षात घ्या. त्या काळी इंग्लंडमध्ये चर्चं 'मूळ रूपात आणायची' लाट होती. मधल्या शतकांतलं सगळं खरवडून काढायचं आणि मध्ययुग कसं असेल अशी कल्पना करून नवं बसवायचं. भिंतींवरचे जुने गिलावेसुद्धा खरवडत. म्हणून मॉरिसच्या मंडळाचं टोपणनावच 'अँटी-स्क्रेप' पडलं, म्हणजे खरवडण्याच्या विरोधात. त्यांचं म्हणणं साधं होतं: दुरुस्ती करा, पुनर्रचना नको. पाणी आत येऊ देऊ नका, टेकू द्या, कुजलेलं तेवढंच बदला, आणि बदललेलं लपवू नका.

मग 1895 मध्ये ऑक्टेव्हिया हिल, सर रॉबर्ट हंटर आणि कॅनन हार्डविक रॉन्सली यांनी नॅशनल ट्रस्ट सुरू केला. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, ट्रस्टने आल्फ्रिस्टनचं हे घर 10 पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टची ही पहिली इमारत. दहा पौंडांची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती सांगायला छान आहे. तेवढ्यावर थांबू नका. ती किंमत म्हणजे ते घर कुणालाही नको होतं याचा पुरावा आहे. खरा खर्च दुरुस्तीचा होता, तो खरेदीच्या कित्येक पट होता आणि त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. ऑक्टेव्हिया हिल यांनी आयुष्य लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी वेचलं होतं. त्या बाईंना एका खेडेगावातल्या मोडक्या घरासाठी झोळी फिरवावीशी वाटली, हे मला फार मोठं वाटतं. तोवर वाचवायच्या इमारती म्हणजे मुख्यतः किल्ले, मठ आणि चर्च. इथे एका संस्थेने एक साधं घर, गवताच्या छपराचं, देशाचा ठेवा म्हणून हातात घेतलं.

दुरुस्तीचं काम आल्फ्रेड पॉवेल या तरुण वास्तुविशारदाने मॉरिसच्या मंडळाच्या पद्धतीने केलं. पुढे तो वेजवुडच्या मातीच्या भांड्यांवरच्या चित्रकामासाठीही ओळखला गेला. तुम्ही तिथे पुढची वीस मिनिटं या दुरुस्तीचे सांधे शोधण्यात घालवा. जिथे जुन्या लाकडाला नवा तुकडा जोडला आहे, तिथे कड स्पष्ट दिसते का? नव्याला जुनं भासवायचा खटाटोप केला आहे का? जिथे मूळ काय होतं ते कळत नव्हतं, तिथे काय केलं आहे? हे तीन प्रश्न घेऊन मी आजही प्रत्येक वाड्यात शिरते.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तिच्यामुळेच मला हे घर नीट समजलं. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका वाड्याच्या दुरुस्तीत, तळमजल्याची ओल थांबावी म्हणून मी जोत्यापासून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करायला होकार दिला. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी खांबाच्या तळाशी बोट लावलं तर ते आत गेलं. भिंतीतली ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडायची, आता तिला एकच वाट उरली होती आणि ती म्हणजे लाकूड. नंतर इंग्लंडमध्ये काही महिने शिकायला मिळालं, तेव्हा लाकडी चौकटीच्या घरांत नेमका हाच रोग पाहिला. विसाव्या शतकात मातीचे पडदे काढून सिमेंट भरलेलं, सुकलेलं लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये केसभर फट, त्या फटीतून पाणी आत आणि खालची आडवी तुळई कुजून गेलेली. औषधही तेच: सिमेंट काढा, चुना आणि माती परत आणा, कुजलेलं टोक तेवढं कापून नव्या ओकचा तुकडा सांधून द्या. त्या वाड्याचा तो खांब आम्ही अखेर तसाच वाचवला: खालचे दोन फूट नवं सागवान, वरचं सगळं जुनं. सांधा उघडा ठेवला. मालकांना तो आधी खुपला, आता ते पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

हॉलबद्दल अजून एक. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली आणि बहुतेक हॉल-घरांत मधेच लाकडी छत टाकून वर एक मजला काढला गेला. धूर नसेल तर उंची कशाला वाया घालवायची? ससेक्समध्येच वेस्ट होथलीला 'प्रीस्ट हाउस' आहे, पंधराव्या शतकातलं, हॉर्शम दगडाच्या जड फरशांच्या छपराचं. तिथे हा बदल दिसतो: एके काळचा मोकळा हॉल, मग मधे मजला आणि धुराडं. सॉमरसेटमध्ये मचेल्नीला 1308 मध्ये मठाने गावच्या पाद्र्यासाठी बांधलेलं घर आहे, दगडी भिंती आणि गवताचं छप्पर. आल्फ्रिस्टनचं वेगळेपण असं की तिथे हॉल आज छपरापर्यंत मोकळा अनुभवता येतो. त्या उंचीत उभं राहिल्यावर एक गोष्ट कळते जी नकाशात कळत नाही. घर लहान आहे, पण खोली लहान नाही. जमिनीवर पावलं मोजलीत तर चार ढांगांत भिंत येते, पण मान वर केलीत की जागा संपत नाही.

वेळ असेल तर एक दिवस जास्त काढा आणि वेस्ट ससेक्समध्ये सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात जा. तिथे 'बेलीफ' (Bayleaf) नावाचं वील्डन घर आहे. केंटमधल्या एका धरणाखाली जाणार होतं, म्हणून सुटं करून तिथे पुन्हा उभं केलं आहे. लाकडाच्या वाढीच्या वलयांवरून त्याचा हॉल आणि साठवणीचा भाग 1405 ते 1430 च्या दरम्यानचा, आणि वरच्या मानाचं टोक सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं ठरलं आहे. म्हणजे एकसंध वाटणारं घरही शंभरएक वर्षांच्या अंतराने दोनदा बांधलेलं असू शकतं. आल्फ्रिस्टनला टोकं नीट बघा असं मी वर म्हटलं, ते त्यासाठीच.

क्रम असा ठेवा: आधी बेलीफ, मग आल्फ्रिस्टन. बेलीफच्या हॉलमध्ये जमिनीवर खरा जाळ पेटवतात. तिथे अर्धा तास खाली बाकावर बसा, उभ्या राहू नका. धूर कुठल्या उंचीवर थांबतो, दार उघडलं की कसा हलतो, वाशांमधून कसा सावकाश निघून जातो ते बघा. कपड्यांना वास लागेल, लागू द्या. आल्फ्रिस्टनला आग नसेल. पण दुसऱ्या दिवशी तेच जॅकेट घालून त्या हॉलमध्ये उभ्या राहिलात, तर वर बघताना धूर कुठून गेला असेल ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. छोटी बॅटरी, मऊ पेन्सिल आणि सपाट तळाचे बूट घ्या, आणि निघण्याआधी दोन्ही ठिकाणं त्या दिवशी उघडी आहेत ना, ते विचारून घ्या.